खरेदीबरोबरचा धर्मादाय व त्याचा हिशेब

व्यापारांत धर्माचा वांटा काढून ठेवण्याची चाल आपल्या मुलखांत जुनी आहे. सौद्याच्या शेंकड्यामागें कांहीं पैसे धर्मादाय खातीं टाकावयाचे, आणि वर्षअखेर त्यांतून पाणपोई, गोशाळा, पाठशाळा किंवा देवळाची दिवाबत्ती चालवावयाची, हा क्रम अडत पेठांतील पेढ्यांना नवा नाहीं. अलीकडे हीच चाल नव्या वेषांत आपल्या दारीं आली आहे. साबणाच्या वेष्टनावर किंवा वह्यांच्या पुठ्ठ्यावर कंपनी छापते कीं, हा माल घ्या, म्हणजे त्यांतून अमुक रक्कम मुलांच्या शिक्षणास जाईल. लातुरास किंवा नांदेडास सोयाबीन घालून परततांना घरचा बाजार करणारा शेतकरी एकाच दिवशीं विकणाराहि असतो आणि घेणाराहि असतो. दोन्ही बाजूंनीं त्याच्या पैशांतून धर्म होऊं शकतो. तो कोणाच्या नांवें होतो व त्याचा हिशेब कोण देतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तोच आज वाचकांपुढें ठेवावयाचा आहे.

प्रथम जुनी चाल पाहूं. शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर अडत, हमाली, तोलाई या रकमा लिहिल्यावर त्यांखालीं धर्मादायाची ओळ येई. रक्कम लहान असे, आणि मालाचे पैसे घेऊन दिवस मावळण्यापूर्वीं गाडी जुंपण्याची घाई असे. म्हणून तिजविषयीं कोणी हुज्जत घालीत नसे. पाणपोईवर पाटी लागे ती मात्र पेढीच्या नांवाची. म्हणजे पुण्य पेढीच्या खातीं जमा आणि रक्कम कुळाच्या खातीं खर्च, असा हा जमाखर्च होता. कित्येक पेढ्यांनीं हा पैसा सचोटीनें खर्च केला, हें नाकबूल करणें अन्यायाचें होईल. परंतु सचोटी ही माणसाची असते, चालीची नसते. ज्या चालींत देणाऱ्यास विचारीत नाहींत व त्याला हिशेबहि दाखवीत नाहींत, ती चाल सचोटीच्या माणसाच्या हातीं धर्म ठरते आणि दुसऱ्याच्या हातीं लूट ठरते.

सरकारचें लक्षहि या कपातींकडे फार पूर्वीं गेलें होतें. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशनचा अहवाल १९२८ सालीं प्रसिद्ध झाला. बाजारांतील नाना तऱ्हेच्या कपातींचा विचार करतांना त्यांत धर्मादायाच्या कपातीचाहि उल्लेख आलेला आहे. शेजारच्या वऱ्हाडांत १८९७ च्या कायद्यानें कापसाचे व धान्याचे बाजार नियमांखालीं आले होते. आपला भाग तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. तेथें शेतमालाच्या बाजारांचा कायदा १९३० सालीं झाला. पुढें महाराष्ट्राचा १९६३ चा कृषि उत्पन्न पणन कायदा आला. त्यानें व त्याखालील नियमांनीं बाजार समितीच्या आवारांत कोणाकडून काय आकारावयाचें हें ठरवून दिलें. ठरल्याबाहेरची कपात, मग तिला नांव धर्माचें असो वा आणखी कशाचें, शेतकऱ्याच्या पट्टींतून करण्यास मोकळीक राहिली नाहीं. सबब पट्टी हातीं येतांच तिची प्रत्येक ओळ वाचावी; आणि अनोळखी ओळ दिसल्यास ती कोणत्या नियमान्वयें घातली, हें बाजार समितीच्या सचिवांस लेखी विचारावें. तोंडी विचारलेल्या प्रश्नाचें दप्तरांत कांहींच राहत नाहीं.

हें झालें विकणाऱ्याकडून होणाऱ्या कपातीविषयीं. आतां बिलावर स्वतंत्र ओळ घालून गिऱ्हाइकाकडून जो धर्मादाय घेतात, त्याकडे वळूं. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, हा आज महाराष्ट्राच्या नांवानें चालू आहे. त्याच्या कलम ५४ चा आशय असा कीं, व्यापाराच्या रूढीप्रमाणें किंवा उभय पक्षांच्या करारानें जी रक्कम धार्मिक वा परोपकारी कामासाठीं म्हणून आकारली अथवा गोळा केली जाते, तिला कोणतेंहि नांव दिलेलें असो, ती गोळा करणाऱ्याच्या हातीं विश्वस्त या नात्यानेंच राहते. हिशेबाचें वर्ष संपल्यापासून ३ महिन्यांच्या आंत तिचा हिशेब धर्मादाय उप आयुक्त किंवा सहायक आयुक्त यांच्याकडे द्यावा लागतो, आणि तो बरोबर आहे कीं नाहीं याची चौकशी करण्याचा अधिकार त्यांस आहे.

यांतील ‘विश्वस्त’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आम्हीं महसूल खात्यांत दप्तर सांभाळलें. तेथें वसुलाची रक्कम तलाठ्याच्या हातीं आली म्हणून ती तलाठ्याची होत नाहीं. पावती फाडून चलनानें कोषागारांत भरीपर्यंत ती त्याजकडे परक्याची ठेव असते. धर्मादायाची रक्कम हीहि तशीच ठेव होय. ती धंद्याच्या भांडवलांत फिरवावयाची नाहीं, आणि नफ्यांत धरावयाचीहि नाहीं.

सर्वोच्च न्यायालयानेंहि हेंच तत्त्व दोन निराळ्या प्रकरणांत मान्य केलें आहे. बिजली कॉटन मिल्स या गिरणीनें आपल्या गिऱ्हाइकांकडून बिलावर धर्मादाय वेगळा घेतला होता व तो वेगळ्या खातीं ठेवला होता. आयकर खात्याचें म्हणणें, हें गिरणीचें उत्पन्नच आहे. १९७८ सालीं न्यायालयानें ठरविलें कीं, ही रक्कम आरंभापासूनच धर्मकार्यासाठीं बांधलेली असल्यानें ती गिरणीचें उत्पन्न नव्हे. दुसरें प्रकरण आपल्याच राज्यांतील, संगमनेर येथील डी. जे. मालपाणी या तंबाखूच्या पेढीचें. तेथें वाद उत्पादन शुल्काचा होता. बिलावरील धर्मादाय हा मालाच्या किमतीचा भाग धरावा व त्यावरहि शुल्क द्यावें, असें खात्याचें म्हणणें होतें. २०१९ सालीं न्यायालयानें निकाल दिला कीं, धर्मादाय हा मालाचा मोबदला नव्हे. विकणारा तो विश्वस्त म्हणून घेतो, म्हणून तो किमतींत धरतां येत नाहीं. या निकालांनीं व्यापाऱ्यांवरील कराचा बोजा टळला, हें खरें. परंतु त्याच तर्कानें ती रक्कम त्यांची नव्हे हेंहि पक्कें झालें. कराच्या वेळीं परक्याची आणि खर्चाच्या वेळीं स्वतःची, असें तिला म्हणतां येणार नाहीं.

कंपन्यांची नवी रीत येथेंच वेगळी पडते. तिची प्रसिद्ध सुरुवात १९८३ सालीं अमेरिकेंत झाली. न्यूयॉर्कच्या बंदरांतील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची दुरुस्ती करावयाची होती. अमेरिकन एक्सप्रेस कंपनीनें जाहीर केलें कीं, आमचें कार्ड वापरून केलेल्या दर व्यवहारामागें १ सेंट व दर नव्या कार्डामागें १ डॉलर आम्ही या कामास देऊं. सुमारें १७ लक्ष डॉलर जमले, आणि कार्डांचा वापरहि वाढला. मग इतर कंपन्यांनीं हाच कित्ता गिरविला. आपल्या देशांत प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीनें २००५ सालीं ‘शिक्षा’ नांवाचा उपक्रम सुरू करून आपल्या मालाच्या खपाची सांगड मुलांच्या शिक्षणाशीं घातली. आय. टी. सी. कंपनीनें आपल्या ‘क्लासमेट’ वह्यांवर छापलें कीं, दर ४ वह्यांमागें १ रुपया ग्रामीण विकासाच्या कामास जाईल.

या शेवटच्या दराचा हिशेब वाचकांनीं स्वतः करून पाहावा. ४ वह्यांस १ रुपया, म्हणजे वहीमागें २५ पैसे. एका मुलानें वर्षांत १२ वह्या घेतल्या तर ३ रुपये झाले. समजा, एका तालुक्यांत अशीं २०,००० मुलें आहेत. तर ६०,००० रुपये होतील. एखाद्या गांवच्या शाळेची डागडुजी त्यांत होऊन जाईल, म्हणून ही रक्कम हिणविण्याजोगी नाहीं. परंतु तीसाठीं २,४०,००० वह्या विकल्या गेल्या, हेंहि त्याच कागदावर लिहून ठेवावें. दुसऱ्याची वही सोडून हीच वही घेणाऱ्यांमुळें कंपनीचा जो खप वाढला, त्याचा नफा कंपनीचा. त्यांत पाप कांहीं नाहीं. व्यापार नफ्यासाठींच असतो. मात्र ही जाहिरात आहे, आणि तिच्या पोटीं थोडें दान आहे, हा क्रम वाचकांनीं विसरूं नये.

पेढीच्या धर्मादायाशीं तुलना केली असतां फरक उघड दिसतो. पेढीच्या बिलावर धर्मादायाची ओळ निराळी असते. ती वाचतां येते, तिच्याविषयीं विचारतां येतें, आणि कायदा तिचा हिशेब मागतो. कंपनीचे २५ पैसे किमतीच्या आंत मिसळलेले असतात. ते विक्रीच्या पैशाबरोबर कंपनीकडे जमा होतात, आणि गिऱ्हाइकापाशीं उरतें तें केवळ वेष्टनावरचें वचन. देणगीची पावती त्याला मिळत नाहीं; मिळाली तर ती कंपनीला मिळते. ओळ गेली, म्हणजे प्रश्न विचारण्याची जागाच गेली.

यावर कोणी म्हणेल कीं, कंपन्यांस समाजकार्य करण्याची सक्ति आहेच. ती आहे, परंतु ती वेगळी बाब आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचें कलम १३५ हें १ एप्रिल २०१४ पासून लागू झालें. ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक असेल, तिनें मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी, असें त्यांत आहे. २०२१ सालीं नियमांत स्पष्ट केलें गेलें कीं, आपल्या मालाच्या विक्रीस लाभ व्हावा म्हणून एखाद्या कार्याचें प्रायोजकत्व घेतलें, तर तो खर्च यांत धरावयाचा नाहीं. म्हणजे जाहिरात व कर्तव्य यांची गल्लत कायद्यासहि मान्य नाहीं. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण पहिल्या खेपेस १० लाख रुपयांपर्यंत दंड करूं शकतें. वेष्टनावरचें वचन हीहि जाहिरातच होय.

लहान लहान नाण्यांनीं मोठें काम होत नाहीं, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, आणि त्यांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें काचेचा कारखाना निघाला. देणारा जाणून देत होता, आणि आपला पैसा कोठें गेला तें त्यास डोळ्यांनीं पाहतां येत होतें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हांहि बहुतेक मदत आमच्याकडे खरेदीची कसलीहि अट न घालतां आली. दान जाणून दिलें म्हणजे देणाऱ्याचें समाधान होतें व घेणाऱ्याचा मानहि राहतो.

रक्कम कोणाच्या खिशांतून जाते हें आरंभींच स्पष्ट न केल्यास काय होतें, याचें ताजें उदाहरण उसाचें आहे. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीनें मराठवाड्याचें मोठें नुकसान झाल्यावर राज्य सरकारनें गाळपाच्या उसावर टनामागें १५ रुपये घेण्याचें ठरविलें. त्यांत १० रुपये मुख्यमंत्री साहाय्यता निधीसाठीं व ५ रुपये पूरग्रस्त शेतकऱ्यांसाठीं होते. काम चांगलें होतें. तरीहि पैसा कारखान्याचा कीं ऊस घालणाऱ्याचा, यावर वाद माजला, आणि तो कारखान्यांच्या नफ्यांतून घ्यावयाचा आहे असा खुलासा सरकारला करावा लागला. हाच खुलासा आधीं झाला असता तर वादास जागा राहिली नसती.

आतां हा विषय केवळ परक्या कंपन्यांचा राहिलेला नाहीं. लातूर व नांदेड या जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. तुरीची डाळ पिशवींत भरून आपल्या नांवानें विकण्याची उमेद त्यांस आहे. उद्यां आपल्याच पिशवीवर ‘गांवच्या शाळेस मदत’ असें छापावेंसें वाटेल. तें अवश्य छापावें. मात्र कांहीं नियम आधीं घालून घ्यावे. पहिला, पिशवीमागें नक्की रक्कम छापावी. ‘नफ्याचा कांहीं भाग’ असें मोघम लिहूं नये. दुसरा, पैसे कोणत्या संस्थेस व कोणत्या कामास जाणार तिचें नांव लिहावें, आणि तिची लेखी संमति घ्यावी. तिसरा, मुदत व कमाल रक्कम सांगावी. मर्यादा गांठल्यावर तीच पिशवी विकीत राहूं नये. चौथा, रक्कम वेगळ्या खातीं ठेवावी, आणि वार्षिक सभेंत विकलेल्या पिशव्यांचा आंकडा व शाळेची पावती हीं दोन्ही शेजारीं मांडावीं. ५० पैसे दरानें ४०,००० पिशव्या खपल्या, तर पावती २०,००० रुपयांची हवी. कमी असल्यास संचालकांनीं उत्तर द्यावें. पांचवा, दानाच्या नांवावर डाळीचा भाव चढवूं नये. आणि किमतीखेरीज बिलावर वेगळा धर्मादाय घ्यावयाचा असेल, तर तो गिऱ्हाइकास विचारूनच घ्यावा व कलम ५४ प्रमाणें त्याचा हिशेब धर्मादाय कार्यालयास द्यावा.

ज्या वाचकांस परक्या मालाच्या वेष्टनावरचें वचन तपासावयाचें असेल, त्यांनींहि याच कसोट्या लावाव्या. दर, संस्था, मुदत आणि हिशेब हीं चारी जेथें सांपडतील, तो माल घेतांना दोन पैसे सत्कार्यास गेले असें खुशाल मानावें. जेथें तीं नसतील, तेथें माल मालाच्या गुणावर व भावावर घ्यावा, आणि शाळेस द्यावयाचें तें शाळेंत जाऊन पावती घेऊन द्यावें. जे वाचक उत्पादक कंपन्यांचे संचालक आहेत, त्यांनीं येत्या वार्षिक सभेंत वरील नियमांचा ठराव मांडावा, इतकी विनंति करून हा लेख पुरा करतों.