पुसली तरी परत येणारी बुरशी

पुण्या-नाशिकहून नोकरीनिमित्त चेन्नईच्या शोळिंगनल्लूरला राहायला गेलेल्या कुटुंबाला पहिला धक्का भाषेचा बसतो, दुसरा उकाड्याचा आणि तिसरा न्हाणीघरात. फ्लॅट नवा, टाइल्स पांढऱ्याशुभ्र, नळ चकचकीत. तरीही दोन-तीन महिन्यांत टाइल्सच्या सांध्यांत काळ्या रेघा उमटतात, बेसिनमागच्या सिलिकॉनवर ठिपके दिसू लागतात, छताचा कोपरा करडा पडतो आणि दार उघडताच कुबट वास येतो. रविवारी सारे घासून लख्ख करावे, तर महिन्याभरात पुन्हा तेच! मग खापर कामवालीवर फुटते, नाही तर बिल्डरवर.

ही बुरशी. तमिळमध्ये तिला ‘पूंजै’ म्हणतात. हा शब्द तिथल्या गृहिणीने पाठच करून ठेवावा, कामवालीशी आणि प्लंबरशी बोलताना उपयोगी पडतो. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. खिडकीतून येतात, कपड्यांवरून येतात. त्यांना घराबाहेर ठेवणे कुणालाच शक्य नाही. टाइल्सवर बसलेला साबणाचा थर, अंगाचे तेल, धूळ हे त्यांचे अन्न. तेही पूर्णपणे टाळता येत नाही. आपल्या हातात राहते ती एकच गोष्ट, ओल. एखादी जागा दिवस-दोन दिवस सलग ओलसर राहिली की बुरशी धरते. तीच जागा रोज काही तास कोरडी पडली तर बीजाणू असूनही तिला वाढता येत नाही. म्हणूनच नुसते घासणाऱ्या घरात बुरशी परत येते आणि वाळवणाऱ्या घरात येत नाही.

आता वाळवणे हेच शोळिंगनल्लूरला अवघड का, ते पाहू. महाराष्ट्रातल्या घराला एक सवय असते. पावसाळ्यात भिंती ओलावतात, पण सप्टेंबरनंतर ऑक्टोबरचे कडक ऊन सगळे सुकवून टाकते आणि हिवाळा तर कोरडाच जातो. चेन्नईत नेमके उलट! तिथला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरचा. समुद्र पूर्वेला हाकेच्या अंतरावर, मध्ये बकिंगहॅम कालवा, जवळच पल्लीकरणैची मोठी पाणथळ. त्यामुळे पाऊस नसतानाही हवा दमट असते. डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ चे मिचाँग चक्रीवादळ यांत या बाजूच्या अनेक वसाहतींत पाणी शिरले होते. असे पाणी पिऊन बसलेल्या तळमजल्याच्या भिंती सुकायला महिनेच्या महिने लागतात.

त्यात राहणीची भर पडते. नवरा-बायको दोघेही सकाळी कामावर गेले की घर दिवसभर बंद. आंघोळीची वाफ, ओले टॉवेल, बादलीतले भिजवलेले कपडे, सगळे त्या पाच बाय सातच्या खोलीत कोंडलेले. शेजारच्या झोपायच्या खोलीत रात्रभर एसी चालतो. त्यामुळे मधली भिंत गार पडते आणि सकाळी गरम पाण्याची वाफ तिच्यावर थंड होऊन पाणी बनते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसेच. बोअरचे किंवा टँकरचे पाणी जड असले तर साबणाचा नीट फेस होत नाही, त्याचा चिकट पांढरा थर टाइल्सवर बसतो. बुरशीला आयतेच ताट!

पण उपायाला हात घालण्यापूर्वी एक शोध घ्यायला हवा. ही ओल वाफेची आहे की गळतीची? त्यासाठी एक साधी युक्ती आहे. डाग असलेला भाग कोरडा पुसून त्यावर हातभर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाणी जमले तर ओल भिंतीतून येते आहे. पाण्याचे थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ती वाफ आहे. छताचा डाग वाढत असेल तर वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची नाहणी आणि पाइप तपासावेच लागतात. गळती असताना ब्लीच, रंग, अत्तराच्या वड्या यांवर पैसे घालवू नयेत.

गळती नसेल तर सफाई. इथे आपल्याकडची एक घातक सवय सोडायला हवी, ती म्हणजे टाइल्सवर ॲसिड ओतण्याची. डाग झटकन जातो खरा, पण टाइल्समधला सांधा सिमेंटचा असतो आणि ॲसिड सिमेंट खाते. सांधा खडबडीत, सच्छिद्र होतो. पुढच्या खेपेला बुरशी त्यात खोल रुजते आणि मग पुन्हा ॲसिड, असे चक्र सुरू होते.

त्याऐवजी आधी साबणाचा थर धुण्याचा सोडा आणि गरम पाणी लावून ब्रशने काढून टाकावा आणि भरपूर पाण्याने धुवावे. थर तसाच ठेवून वर औषध लावले तर ते बुरशीपर्यंत पोचतच नाही. मग एक लिटर पाण्यात फार तर ६० मिलिलिटर घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, मिसळून सांध्यांवर लावावे, दहा मिनिटे थांबून धुवावे आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसावे. हातात रबरी मोजे, नाकातोंडाला फडके, दार-खिडकी उघडी आणि मुले बाहेर.

एक इशारा मात्र ठळक अक्षरांत लिहून न्हाणीघराच्या दाराला लावण्यासारखा. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र वापरू नये. संडास साफ करायची ॲसिडची बाटली असो की स्वयंपाकातले व्हिनेगर, ब्लीचशी मिसळले की क्लोरीन वायू निघतो. लहानशा बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. अमोनिया असलेल्या क्लीनरशीही ब्लीचचे जमत नाही. कामवाली दोन बाटल्या एकत्र ओतून ‘जास्त स्वच्छ’ करत नाही ना, हे स्वतः पाहावे. काळे पडलेले सिलिकॉन मात्र कशानेच पांढरे होत नाही. ते ब्लेडने काढून, जागा पूर्ण सुकवून नवे भरणेच स्वस्त पडते.

आता रोजचे काम. घरातला जो शेवटी आंघोळ करील त्याने वायपरने भिंती आणि फरशी निपटून काढावी. दोन मिनिटांचे काम, नवऱ्यालाही सहज जमते. एक्झॉस्ट पंखा आंघोळीनंतर निदान अर्धा तास चालू ठेवावा. दाराखाली बोटभर फट असली पाहिजे, कारण बाहेरून हवा आत आली नाही तर पंखा नुसताच आवाज करतो. पंखा बंद डक्टमध्ये उघडत असेल तर त्याच्या जाळीवरची जळमटे दर महिन्याला काढावीत. रात्री एसी चालू असताना तासभर न्हाणीघराचे दार उघडे ठेवले तर एसी तिथलीही ओल शोषतो. ओले टॉवेल आणि पायपुसणे बाल्कनीत.

हे सारे केवळ दिसण्यासाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत अशा घरांतील माणसांना खोकला, दमा आणि श्वसनाच्या तक्रारींचा धोका वाढतो असे म्हटले आहे. ब्रिटनमधील रॉशडेल गावी डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला. भाड्याच्या घरातील बुरशीच्या दीर्घकाळ संपर्कामुळे झालेला श्वसनाचा विकार हे त्याचे कारण, असा निष्कर्ष २०२२ मध्ये चौकशीत निघाला. वडिलांनी तक्रार केली तेव्हा ‘वरून रंग लावा’ असा सल्ला मिळाला होता. पुढे २०२३ मध्ये त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. टाइल्सवरच्या चार ठिपक्यांनी घाबरून जाऊ नये. पण दम्याचे मूल असलेल्या घरात छताचा काळा कोपरा महिनोन्‌महिने तसाच ठेवू नये.

घरमालकही अनेकदा रंगाचा डबाच पुढे करतात. तमिळनाडूचा २०१७ चा भाडेकायदा २०१९ पासून लागू आहे. वेगळे ठरले नसेल तर इमारतीच्या बांधकामाची दुरुस्ती आणि गरजेप्रमाणे पाइप बदलणे त्यात मालकाकडे आहे. नळाचे वायसर, नाली साफ करणे ही भाडेकरूची कामे. तेव्हा प्लॅस्टिकच्या परीक्षेचे तारखेसह फोटो काढून लेखी कळवावे. आणि सांधे भरणे, सिलिकॉन बदलणे, वॉटरप्रूफिंग ही कामे दिवाळीसाठी राखून ठेवू नयेत. शोळिंगनल्लूरला दिवाळी ऐन पावसात येते. फेब्रुवारी ते मे या काळात भिंती पुरत्या सुकतात आणि मसाला नीट धरतो.