न्यायदान मंडळ (प्रतिसरकार)

न्यायदान मंडळ ही १९४३ ते १९४६ या काळात साताऱ्याच्या प्रतिसरकारने गावोगाव चालविलेली लोकन्यायाची व्यवस्था होय. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, शिराळा, तासगाव आणि खानापूर हा भागही मोडत असे. या मंडळांजवळ तुरुंग नव्हता, पगारी पोलीस नव्हते आणि कायद्याचे पाठबळ तर नव्हतेच; तरीही त्यांचे निवाडे लोकांनी मानले. माणसांचा समाज कशामुळे एकत्र टिकतो, या जुन्या प्रश्नाचा विचार करताना हे उदाहरण म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

'छोडो भारत' आंदोलनात जिल्ह्यातील तालुका कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूज येथे आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपूर येथे मोर्च्यांवर गोळीबार होऊन माणसे मारली गेली. त्यानंतर कार्यकर्ते भूमिगत झाले. सरकारी यंत्रणा भूमिगतांच्या मागे लागली आणि खेड्यांतील रोजच्या सुरक्षिततेकडे तिचे दुर्लक्ष झाले. या पोकळीत दरोडेखोरांच्या टोळ्या माजल्या. काहींनी तर चळवळीचेच नाव पुढे करून लूट आरंभिली. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील कार्यकर्त्यांना त्यामुळे इंग्रजांशी लढण्याबरोबरच दरोडेखोरांचा बंदोबस्त करावा लागला. प्रतिसरकारला गावांत जो पहिला विश्वास मिळाला त्यात या कामाचा वाटा मोठा होता. इतिहासात ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेगाडी अडवून पगाराची रक्कम ताब्यात घेतल्याची घटना अधिक गाजली. परंतु रात्री निर्धास्त झोपता येणे हे शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याहून मोठे होते.

न्यायाची पद्धत

गावकरी आपल्यातूनच पंच निवडत. बांधाचे व वाटणीचे तंटे, सावकाराकडे अडकलेल्या जमिनी, नांदवत नसलेल्या सुना, चोऱ्या आणि छेडछाड अशी प्रकरणे त्यांच्यापुढे येत. वकील नसे, मुद्रांकाचा खर्च नसे आणि तारखांमागून तारखाही पडत नसत. सरकारी दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळणारा दावा येथे एका बैठकीतही मिटू शके, कारण बांध कोठे होता हे ऐकणाऱ्या सर्वांनाच ठाऊक असे. दंड, जाहीर माफी आणि गंभीर गुन्ह्यांत मारहाण अशा शिक्षा होत्या. निवाड्यांमागे बळ उभे करण्याचे काम जी. डी. (बापू) लाड यांच्या तुफान सेनेकडे होते. न्यायदानाच्या जोडीने दारूबंदी आणि अल्प खर्चातील 'गांधी विवाह' हे उपक्रमही चालत.

मान्यतेचा पाया

लोकांनी हे निवाडे का मानले, याचे एक उत्तर फार जुने आहे. मराठेशाहीत वतनाचे वाद गोतसभेपुढे चालत. सुनावणीपूर्वी दोन्ही पक्ष निवाडा मान्य राहील असे लिहून देत. त्या लेखास 'राजीनामा' म्हणत. (नोकरी सोडण्याचा अर्थ या शब्दाला पुढे चिकटला.) निकालानंतर हरलेला पक्ष 'येजितखत' लिहून आपला दावा खोटा ठरल्याचे कबूल करी. हरणाऱ्याची संमती मिळविण्यासाठी घेतलेली ही खटपट विचार करण्याजोगी आहे. जिंकणारा निकाल मानतोच. समाज टिकतो की फुटतो हे हरणारा काय करतो यावर अवलंबून असते.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेम यांनी १८९३ मध्ये असे मांडले की, साध्या समाजांना सारखेपणा बांधून ठेवतो, तर श्रमविभागणी झालेल्या समाजांना परस्परावलंबन. मराठी खेड्यात परस्परावलंबन भरपूर होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदार व कुणबी एकमेकांवाचून कसे अडत, याचे तपशीलवार वर्णन आहे. परंतु त्याच व्यवस्थेत अस्पृश्यता होती आणि वतनदारांची मिरासही. एकमेकांची गरज असणे आणि एकमेकांकडून न्यायाची अपेक्षा बाळगता येणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

दुसऱ्या गोष्टीची मशागत साताऱ्यात प्रतिसरकारच्या आधीपासून चालू होती. सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना विवाह लावून दाखविले. गांधी विवाहांना ही वाट मळलेली मिळाली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसविली. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये नवी राज्यघटना देऊन कारभार निवडलेल्या पंचायतींच्या हाती सोपविला. प्रतिसरकारचे प्रमुख केंद्र असलेले कुंडल हे गाव याच संस्थानातले. तेथील लोकांना पंच निवडणे नवे नव्हते.

'पत्री' सरकार

प्रतिसरकारचा लोकांच्या तोंडी 'पत्रीसरकार' असा अपभ्रंश झाला आणि बैलाच्या खुरांना ठोकतात तशी पत्री माणसांच्या पायांना ठोकली जाते, अशी वदंता पसरली. प्रत्यक्षात तळपायांवर काठीने मारण्याची शिक्षा रूढ होती, असे चळवळीतील अनेकांनी सांगितले आहे. वदंता बाजूला ठेवली तरी धाक होता, हे नाकारता येत नाही. सावकार आणि पोलिसांचे खबरे या धाकाचे मुख्य लक्ष्य होते. ज्याला शिक्षा होई त्याला वरिष्ठ न्यायालयात दाद मागण्याची सोय नसे; गावातील जुने वैर निवाड्यात उतरण्याचा धोकाही होता. मंडळांचे गौरवपर वर्णन करताना ही बाजू बहुधा गाळली जाते. मात्र केवळ धाकाने ही व्यवस्था चालली असती, असे म्हणणेही टिकत नाही. इंग्रजांजवळ धाकाची साधने कितीतरी अधिक होती आणि भूमिगतांना पकडून देणाऱ्यांस बक्षिसेही जाहीर झाली होती. तरीही नाना पाटील १९४६ पर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत. रोज नव्या घरी भाकरी आणि आसरा मिळाल्याखेरीज हे शक्य नव्हते.

पुढील काळ

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि प्रतिसरकारचे काम थांबले. बंगालमधील तामलुकचे जातीय सरकार (१९४२–४४) आणि बलियातील अल्पजीवी सरकार यांच्या तुलनेत साताऱ्याचा प्रयोग अधिक काळ चालला. परका शत्रू दूर होताच कार्यकर्त्यांतील मतभेद उघड झाले. काही काँग्रेसमध्ये राहिले. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात आणि नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले. १९४९ मध्ये संस्थाने विलीन होऊन दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी यांनी मात्र न्याय्य वाटणीचा प्रश्न पुढे नेला. १९९३ पासून आटपाडी येथे भरू लागलेल्या पाणी परिषदांत त्यांनी डॉ. भारत पाटणकर यांच्यासह कृष्णेच्या पाण्याच्या समान वाटपाची मागणी लावून धरली. पाण्याचा हक्क जमिनीच्या आकारावर न ठरता प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनांनाही, मिळावा असे या मागणीचे स्वरूप होते.