पाच जणांचं तिकीट

परवा केलर, म्हणजे इमारतीच्या तळघरातली आमची खोली, आवरताना हार्मोनियमची पेटी सापडली. पेटीच फक्त. भाता फाटल्यावर हार्मोनियम कुणाच्या तरी सामानातून दुरुस्तीला पुण्याला गेली, ती गेलीच. झाकणाच्या आत चिकटपट्टीने लावलेला कागद मात्र शाबूत होता. एस-३ लोकलच्या वेळा, पुढच्या बसच्या वेळा आणि खाली तीनदा अधोरेखित केलेलं ‘रविवारी नाही’. कोपऱ्यात एक पिवळा डाग, इतक्या वर्षांनंतरही बोटाला किंचित चिकटणारा. याच पेटीतून आम्ही पेंटबॉलचे मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या उडवायच्या बंदुका, श्टुटगार्टच्या लोकलमधून नेत होतो. २००८ च्या शरदापासून सुरू झालेला हा उद्योग २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत अडखळत का होईना, चालला.

आम्ही म्हणजे पाच जण. सांगलीचा एक, कोल्हापूरचा एक, मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या परीक्षा देऊन आलेली नाशिककर, आमच्या ऑफिसातला एक तमिळ मित्र आणि मी. कुणाकडेही गाडी नव्हती. पाच हा आकडा आम्ही ठरवला नाही, तिकिटाने ठरवला. शहराच्या वाहतूक संघाचं दिवसभराचं गट-तिकीट पाच जणांना चालायचं, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचं तिकीट पाचांना चालायचं आणि १९९५ साली १५ मार्कांना निघालेलं, देशभर साध्या गाड्यांनी हिंडवणारं शनिवार-रविवारचं तिकीटही पाचांनाच. तेव्हा चार गेले काय नि पाच गेले काय, पैसे तेवढेच. डोईमागे भर नंतरच्या वर्षांत आली. पेंटबॉलच्या स्पर्धांतही पाचांचा संघ हा एक रूढ प्रकार. त्यामुळे एकाला ताप आला तरी बाकीचे त्याला अंथरुणातून उठवायला जात, मैत्रीखातर थोडं आणि तिकिटाखातर बरंच.

खेळ तसा जुना नाही. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात बारा जण पहिल्यांदा तो खेळले. हेज नोएल हा शेअर दलाल आणि चार्ल्स गेन्स हा लेखक यांच्यात वाद होता, की रानात सोडलं तर शहरातला माणूस तगेल की रानात वावरलेला. हत्यार म्हणून त्यांनी घेतलं नेल्सन पेंट कंपनीचं पिस्तूल, झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायचं. जिंकला रिची व्हाइट नावाचा जंगलात काम करणारा माणूस, आणि तोही एकही गोळी न झाडता, सगळे झेंडे गुपचूप गोळा करून. हा किस्सा मी कोल्हापूरकराला वर्षानुवर्षं ऐकवला. तो पहिल्या दहा मिनिटांत दोनशे गोळ्या उडवायचा आणि मग बंकरमागे बसून उसन्या मागायचा.

पेंटबॉल म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना रंगपंचमी आठवते. मला ते कधी पटलं नाही. रंगपंचमीला रंगून येण्यात मजा. इथे चवलीएवढा ठिपका फुटला की हात वर करून बाहेर. याची खरी सख्खी बहीण आबाधुबी. पाठीत सणसणीत बसलेला चेंडू, त्यानंतरचा तो वळ, आणि ‘लागला नाहीच’ म्हणणारा एक हमखास बेरकी मुलगा. तो मुलगा जगातल्या प्रत्येक मैदानावर असतो. श्टुटगार्टजवळच्या मैदानावर तो पन्नाशीचा सुतार होता. अंगावरचा रंग बाहीला पुसून पुढे खेळायचा.

आता मैदानाचं. मैदान गावात का नसतं, हे समजायला मला दोन वर्षं लागली. जर्मनीत हा खेळ सरकारी रानात वाटेल तिथे खेळता येत नाही. जागेला परवानगी लागते, बाहेर गोळी जाऊ नये म्हणून जाळ्या लागतात. शेजाऱ्यांना टपटप आवाज नको असतो आणि मुखवटे घातलेली माणसं तर अजिबात नको असतात. मग मैदानं सरकत जातात गावाबाहेर, बंद पडलेल्या खडीच्या खाणीत, कारखान्यांच्या वसाहतीत, रिकाम्या गोदामात. कारखान्यांच्या वसाहतीची बस कामगारांसाठी असते. सोमवार ते शुक्रवार भरून धावते, शनिवारी दुपारपर्यंत रेंगाळते आणि रविवारी नाहीशी होते. आम्हाला सुट्टी मात्र रविवारचीच. ज्या भिडेपोटी खेळ गावाबाहेर घालवला, तिनेच तो गाडीवाल्यांच्या ताब्यात दिला, असं माझं मत आहे.

आमचं मैदान एस-३ च्या शेवटच्या टप्प्याच्याही पुढे होतं. लोकलमधून उतरायचं, फलाटावरच्या बेकरीत ब्रेत्सेल घ्यायचे, कारण रविवारी दुसरं दुकान उघडं नसतं, आणि मग साडेतीन किलोमीटर चालायचं. वाट सफरचंदांच्या बागांमधून. त्या श्वाबेन प्रांतात गवताळ उतारांवर उंच जुनी फळझाडं विखुरलेली असतात, सप्टेंबरात खाली सडा पडतो. पेटीला दोन्ही बाजूंनी दोघे धरत, दर पाचशे पावलांनी पाळी बदलत. आठवणींत खेळापेक्षा ही वाटच जास्त आहे. दोन नोकऱ्या सोडायचे निर्णय आणि एक लग्न या साडेतीन किलोमीटरांत ठरलं. लग्न तमिळ मित्राचं आणि नाशिककरचं. आम्हाला कळलं ते सगळ्यात शेवटी.

चालायचं टाळायला एक उपाय होता: रुफटॅक्सी. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी, पण आधी फोन केला तरच येणारी गाडी. नाशिककरच्या जर्मनवर आमचा पूर्ण भरवसा. तिने फोन लावला आणि पलीकडून एक आजोबा अस्सल श्वेबिश बोलीत सुरू झाले. तिच्या चेहऱ्यावरचे रंग मी पाहत होतो.

“काय म्हणाले?”

“एकतर गाडी येतेय,” ती म्हणाली, “नाहीतर त्यांचं मांजर वारलंय.”

गाडी आली. पेटी पाहून ड्रायव्हरने विचारलं, संगीत का? कोल्हापूरकराने मान डोलावली आणि पुढची सगळी वाट आम्हा सगळ्यांना संगीतावर बोलावं लागलं.

सगळे गाडीवाले एका नियमावर चिडायचे: गोळ्या मैदानाच्याच घ्यायच्या, बाहेरच्या चालणार नाहीत. महाग पडतं, हे खरं. पण २००० गोळ्यांचा खोका सहा किलोंच्या आसपास भरतो. तो खांद्यावर घेऊन साडेतीन किलोमीटर चालणाऱ्याला हा नियम देवासारखा वाटतो. गोळी म्हणजे सतरा मिलिमीटरचं जिलेटिनचं कवच, औषधाच्या कॅप्सूलसारखंच, आणि आत पॉलिएथिलीन ग्लायकॉलमध्ये कालवलेला रंग. दमट हवेत ती फुगते, थंडीत ठिसूळ होते. म्हणजे वाटेत न्यायला तशीही नाजूकच. रंग पाण्याने जातो. सुरुवातीच्या काळात तेलाचा होता, टर्पेंटाइनने अंग घासावं लागे म्हणतात. लाल रंग बऱ्याच मैदानांवर चालत नाही, रक्तासारखा दिसतो म्हणून. परतीच्या लोकलमध्ये आम्ही सीटवर वर्तमानपत्रं पसरून बसत असू. तरी माणसं उठून पलीकडे जात.

११ मार्च २००९. विनेंडेनच्या शाळेत सतरा वर्षांच्या एका माजी विद्यार्थ्याने गोळीबार सुरू केला. तिथून वेंडलिंगेनपर्यंत पंधरा माणसं मारली आणि शेवटी स्वतःला संपवलं. विनेंडेन एस-३ वर आहे. आमची गाडी दर वेळी तिथे थांबायची. त्यानंतरचा कितीतरी काळ ते स्टेशन आलं की आमच्यातलं कुणी बोलत नसे, आणि मांडीवरची पेटी नकळत सीटखाली सरकवली जाई.

मे महिन्यात बर्लिनमधल्या आघाडी सरकारने पेंटबॉलवरच बंदी घालायचं ठरवलं. माणूस मारण्याची नक्कल करणारा खेळ, म्हणून ५००० युरोंपर्यंत दंडाची भाषा सुरू झाली. त्या मुलाने वापरलेलं पिस्तूल वडिलांचं होतं, नेमबाजीच्या परवान्यावरचं, झोपायच्या खोलीत कुलपाशिवाय ठेवलेलं. दुखणं एकीकडे आणि लेप दुसरीकडे, असा तो प्रकार. प्रस्ताव काही दिवसांतच बारगळला आणि उन्हाळ्यात बदललेल्या कायद्यात शस्त्रं घरी कशी ठेवता याची तपासणी आली, जी यायलाच हवी होती. पण मी त्या गावाजवळ राहत होतो. ज्यांना त्या दिवसांत मुखवटे नि मार्कर नकोसे झाले, त्यांच्याशी वाद घालायची इच्छा मला झाली नाही. आम्ही चार महिने खेळलो नाही.

पुन्हा सुरू केलं तेव्हा पेटीला कुलूप होतं. कायद्याने मार्कर बंद डब्यात, हाताशी चटकन न येईल असाच न्यावा लागतो. त्यावर पंचकोनात ‘एफ’ अशी खूण लागते, म्हणजे ताकद साडेसात ज्यूलच्या आत. आणि बाळगणारा अठराच्या वरचा हवा. एका रविवारी फलाटावर दोन पोलिसांनी पेटी उघडायला लावली. ‘एफ’ पाहिला, कुलूप पाहिलं, हवेची बाटली रिकामी आहे का विचारलं. मग त्यातला वयस्क पोलीस झाकणातल्या वेळापत्रकाकडे पाहत म्हणाला, ही वेळ चुकीची आहे, डिसेंबरपासून बदलली. पेन काढून त्याने स्वतः दुरुस्त केली. कागदावरचा तो निळा आकडा त्याचा.

पेंटबॉल माणसाच्या प्रतिष्ठेला धक्का देतो का, हा प्रश्न त्या देशात न्यायालयांनी खरोखरच खल करून सोडवला आहे. बॉनमधल्या लेझरड्रोमवर, म्हणजे लेझरच्या बंदुकांनी खेळायच्या जागेवर, १९९४ साली याच कारणाने बंदी आली होती आणि युरोपीय न्यायालयाने २००४ मध्ये ती ग्राह्य धरली. पेंटबॉलला मात्र २०१० च्या फेब्रुवारीत ल्युनेबुर्गच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने मोकळीक दिली. खेळणारे प्रौढ आहेत, आपखुशीने खेळतात, नियम पाळतात. सांगलीकराने ही बातमी लोकलमध्ये मोठ्याने वाचून दाखवली आणि विचारलं, “आता आपल्याला प्रतिष्ठा आहे, बस कधी मिळणार?”

साडेसात ज्यूल म्हणजे किती, हे इंग्लंडला गेल्यावर पाठीला कळलं. जर्मनीत गोळी सेकंदाला साठ-सत्तर मीटरच्या वेगाने जाते. ब्रिटन-अमेरिकेत मर्यादा सहसा ३०० फुटांची, म्हणजे नव्वद मीटरच्या घरात. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या एसेक्सकडच्या टोकाला उतरून पुढे टॅक्सी करून आम्ही एका रानातल्या मैदानावर गेलो. तिथे शाळकरी मुलांचा वाढदिवस चालला होता. तीच मुलं आमच्यासमोर उभी केली. अर्ध्या तासात आम्ही पाचही जण बाद. जर्मनीत ज्यांना आतही घेतलं नसतं अशी पोरं हात पुढे करून ‘वेल प्लेड, सर’ म्हणत होती.

सगळ्यात लांबचा प्रवास बिटबुर्गचा. अमेरिकन हवाई दलाने १९९४ मध्ये सोडलेल्या तिथल्या तळावर मिलेनियम सिरीज या युरोपीय मालिकेचे सामने होत; आम्ही गेलो फक्त पाहायला. शनिवार-रविवारच्या तिकिटावर, साध्या गाड्यांनी, एका गाडीतून दुसरीत उड्या मारत, पहाटेपासून दुपारपर्यंत. स्टेशनचं नाव बिटबुर्ग-एर्डोर्फ. जोडनाव दिसलं की शहाण्या माणसाने सावध व्हावं. स्टेशन खाली किल नदीच्या खोऱ्यात, गाव वर पठारावर, विमानतळ गावाच्याही पलीकडे. विमानं उतरायला बांधलेल्या जागी बसने पोचायला निघालेली आम्ही पाचच माणसं असू. एका फ्रेंच संघाने व्हॅन थांबवून आम्हाला घेतलं. आत फुगवायच्या बंकरांच्या गुंडाळ्यांवर आम्ही आडवे, आणि पुढे बसलेला कप्तान अख्ख्या वाटेत मोडक्या इंग्रजीत सचिनबद्दल विचारत होता.

मग सांगलीकर परत गेला, कोल्हापूरकराने म्युनिकला घर घेतलं आणि गाडीही. तो गाडीने मैदानावर येऊ लागला आणि वीस मिनिटं आधी पोचून कंटाळून बसू लागला. २०१९ च्या एप्रिलमध्ये श्टुटगार्टचे ५२ भाडे-विभाग जाऊन पाच झाले. माझ्या पाठांतराची मेहनत वाया गेली. त्याच जूनमध्ये शनिवार-रविवारचं तिकीट बंद झालं. पुढच्या वर्षी साथ आली, मैदानाला टाळं लागलं. २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने, महिन्याला ९ युरोंत, देशभर हिंडायची मुभा मिळाली तेव्हा गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती आणि शहरातला लोकलचा मुख्य बोगदा सुट्टीभर दुरुस्तीसाठी बंद. बदली बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन मी एकटाच गेलो. २०२३ च्या मेपासून ४९ युरोंचं महिन्याचं तिकीट आलं. सोय उत्तम, माणशी एक.

त्या जुलैत शेवटचे खेळलो, जोडपं, त्यांची मुलगी बाहेरच्या बाकावर, आणि मी. सुतारकाका अजून होते. मी त्यांना खांद्यावर टिपलं, त्यांनी बाही फिरवली.

श्टुटगार्टला कुणी भाचा-पुतण्या शिकायला येणार असेल आणि त्याला खेळायचं असेल, तर पेटी माझ्याकडे आहे, घेऊन जा. कुलपाची किल्ली आतल्या कप्प्यात. शनिवार धरा आणि दुपारी दोनच्या आत निघा. रविवारची बस अजूनही नाही.