मत देण्याआधी पक्षाचं रजिस्टर बघा

ताईंनो, गटाचं रजिस्टर तपासल्याशिवाय आपण सही करत नाही. मग पक्षाचं? काँग्रेसचंच उदाहरण घेऊ. हा पक्ष १८८५ साली मुंबईत स्थापन झाला. पहिल्या अधिवेशनाला ७२ प्रतिनिधी होते, बरेचसे वकील. १८८९ च्या मुंबई अधिवेशनात बायका प्रतिनिधी म्हणून आल्या, त्यात पंडिता रमाबाई होत्या. १९२० ला नागपुरात वर्षाची वर्गणी चार आणे ठरली, अन् गरीब माणसालाही सभासद होता आलं. १९३१ च्या कराची ठरावात स्त्री-पुरुष समान हक्क, प्रत्येक प्रौढाला मत आणि मोफत प्राथमिक शिक्षण मागितलं. लोकशाही, धर्मनिरपेक्षता, समाजवाद ही पक्षाची सांगितलेली तत्त्वं. प्रत्येक पक्षाचं असं काही लिहिलेलं असतं. मत मागायला कुणीही येवो, विचारा: "लिहिलं काय, अन् केलं किती?"