अंबरनाथचे शिवमंदिर २०० वर्षांनी ‘तरुण’ कसे झाले?

अंबरनाथचे मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, ही कथा तुम्ही ऐकली असेल. मंदिरातला शिलालेख वेगळे सांगतो, पण तो वाचतानाही अभ्यासक एका आकड्यावर अडले होते.

वालधुनीकाठच्या या मंदिरात उत्तर दरवाजाच्या आतल्या बाजूला, वरच्या तुळईवर हा लेख कोरलेला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातले वर्ष शके ७८२, म्हणजे इ. स. ८६०, असे वाचले. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पहिला आकडा ७ नसून ९ असल्याचे दाखवले. शके ९८२, म्हणजेच इ. स. १०६०. लेखात शिलाहार राजा माम्वाणीचे नाव आहे. त्याचे इतर लेखही ११व्या शतकातलेच असल्याने हिशेब जुळला. राजाच्या अधिकाऱ्यांचीही नावे यात आहेत. सरकारी कामाच्या कोनशिलेवर असतात तशीच!

१८६८ मध्ये मुंबई सरकारने इथल्या शिल्पांची रेखाटने आणि साचे करून घेतले. पण मूळ पुरावा दगडावरच आहे आणि अक्षरे झिजलेली आहेत. महाशिवरात्रीच्या गर्दीत तुळईला हात लावू नका.