उसाच्या बिलातून स्पीकर घेताना

कारखान्याचे बिल बँकेत जमा झाले की खताची उधारी भागते, सोसायटीचा हप्ता जातो आणि उरलेल्या पैशावर घरातल्या प्रत्येकाचा डोळा असतो. अलीकडे त्यात फळीवर ठेवायच्या छोट्या स्पीकरची जोडी हमखास असते. मुलांना गाणी हवीत, वडीलधाऱ्यांना अभंग. मागणी गैर नाही. पण दुकानात गेल्यावर जो तो ‘किती वॅटचा?’ एवढेच विचारतो आणि तिथेच फसतो.

खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा पुष्कळदा क्षणभराचा असतो, सतत चालण्याचा नव्हे. शिवाय वॅट दुप्पट केले तर कानाला फरक जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा एक वॅटमध्ये एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो ते विचारा. ८४ डेसिबलवाल्यापेक्षा ८७ डेसिबलवाल्याला तेवढ्याच आवाजासाठी निम्मे वॅट पुरतात.

आता मुख्य अडचण. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घेतल्या की तिसरी सोडावी लागते. खर्जासाठी पडद्याला पुष्कळ हवा ढकलावी लागते. स्वर एक सप्तक खाली नेला, तर तेवढ्याच जोराच्या आवाजासाठी पडद्याला चौपट हलावे लागते. चार-पाच इंची पडदा किती हलणार? म्हणून छोट्या जोडीकडून मृदंगाच्या धुमाची पूर्ण अपेक्षा धरू नये. गाणाऱ्याचा गळा, पेटीचे सूर, बोललेले शब्द मात्र ती फार स्वच्छ देऊ शकते.

पेटी कशी असावी हे समजायला मिरजेला जावे. शस्त्रांचे काम करणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर भागातल्या शेतकऱ्यांनी पिकवलेला कडू भोपळा कारागीर पारखून घेतात, कारण त्या भोपळ्याने तारेबरोबर गायचे असते. स्पीकरच्या पेटीचे काम नेमके उलटे. तिने गप्प बसायचे. तिने आपला सूर मिसळला की सगळी गाणी एकाच घुमटातून आल्यासारखी वाटतात. तेव्हा बोटाच्या पेराने पेटी ठोकून पाहा. ‘ढब’ असा पोकळ आवाज आला तर ती पातळ. ‘टक’ असा भरीव आला तर बरी. घरी असलेली पेटी पोकळ वाजत असेल, तर सुताराकडून आत समोरासमोरच्या बाजूंना जोडणारी एक आडवी काठी पक्की चिकटवून घ्या. इतक्या कमी खर्चात याहून मोठा फायदा देणारी सुधारणा मला ठाऊक नाही.

काही पेट्यांना मागे किंवा पुढे भोक असते. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की घूं असा आवाज येतो ना, तीच ही युक्ती. त्या ठराविक स्वरापाशी खर्ज वाढतो, पण त्याच्या खाली एकदम कोसळतो. आणि जुळणी वाईट असेल तर डग्ग्याची प्रत्येक थाप सारखीच ऐकू येते. बंद पेटीत खर्ज कमी, पण नेटका. भजन व बोलणे ऐकणाऱ्या घराने बंद पेटी घ्यावी असे माझे मत आहे. भोकाची घेतलीच असेल तर भोकात स्पंजचा बोळा घालून ऐकून पाहा, फुकटचा प्रयोग आहे. नाहीतर निदान बारीक जाळी लावा, उंदरांना ही जागा फार आवडते.

हवेचाही विचार करा. पाटण-जावळीकडच्या पावसाळ्यात भुशाच्या फळीची पेटी फुगते, तिथे प्लायवूड बरे. पडद्याची कड फोमची असेल तर काही वर्षांत ती भुगा होऊन गळते. रबरी कड टिकते. जत-आटपाडीकडे धूळ जास्त, तेव्हा पुढची कापडी जाळी काढून टाकू नका.

सुधारणांपूर्वी जागा बदलून पाहा. पेट्या पत्र्याच्या कपाटावर किंवा कोपऱ्यात नकोत. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि शब्द बुडतात. बसल्यावर कानाच्या उंचीला ठेवा, आणि दोघींत जेवढे अंतर तेवढ्याच अंतरावर बसा. खर्ज अगदीच पातळ वाटला तर एका पेटीच्या तारा उलट लागल्या असतील. तारा सोडवून दीड व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर टेकवा. वूफरचा पडदा बाहेर आला, तर सेलचे धन टोक लागले तेच पेटीचे धन टोक. आतल्या अस्तराला धनगरी घोंगडीचा तुकडा उत्तम चालतो. ट्वीटरला लावलेला स्वस्त कपॅसिटर बदलून तेवढ्याच मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर जाणकाराकडून बसवता येतो. महागड्या तारेला मात्र पैसे घालू नका, चार-पाच मीटरला घरच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तार पुरते. आणि वूफर नुसत्या मापाने बदलू नका. भोकात बसला म्हणजे पेटीशी जमला असे नव्हे.

१९६३ साली सांगलीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले तेव्हापासून निवेदकांचे आवाज ऐकत आलेले एखादे वडीलधारे माणूस खरेदीला बरोबर न्या. दुकानदार आधी ढोल-ताशा लावील. त्याला बातम्या लावायला सांगा, आवाज लहान ठेवायला सांगा, आणि आजोबांना शब्द कळतात का ते विचारा.