रक्तदाब व रक्तशर्करा यांचे स्वयंमापन : आकड्यापासून निर्णयापर्यंत

उच्च रक्तदाब आणि मधुमेह हे दोन्ही विकार दीर्घकाळ कोणतेही ठळक लक्षण न दाखवता शरीरात वावरतात. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे रक्तदाब नाही, असा समज सुशिक्षित वर्गातही आढळतो. आणि याच समजापोटी 'आता बरे वाटते' म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या जातात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंडियाब' या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह असून प्रौढांपैकी ३५.५ टक्के व्यक्तींना उच्च रक्तदाब आहे. यांपैकी प्रत्येकाची वारंवार तपासणी दवाखान्यातच व्हावी, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. म्हणून स्वयंमापनास उत्तेजन द्यावे, याविषयी फारसा मतभेद नाही. मात्र मोजलेल्या आकड्याचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

१८९६ मध्ये रिवा-रोची यांनी दंडाला बांधावयाचा पट्टा व पाऱ्याचा स्तंभ यांच्या साहाय्याने रक्तदाब मोजण्याची पद्धत मांडली आणि १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह यांनी तिला स्टेथोस्कोपची जोड दिली. या पद्धतीस प्रशिक्षित कानाची गरज असल्याने मापन वैद्यकीय व्यावसायिकांच्या हाती राहिले. आजची स्वयंचलित यंत्रे पट्ट्यातील हवेच्या दाबात होणाऱ्या कंपनांवरून रक्तदाब ठरवितात. त्यामुळे मापन घरात आले, आणि घरचा आकडा अनेकदा दवाखान्यातील आकड्याहून वेगळा निघतो हेही स्पष्ट झाले. काहींचा रक्तदाब केवळ डॉक्टरांसमोर वाढतो, तर काहींचा तेथे सामान्य दिसून घरी वाढलेला असतो. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण तो दवाखान्यात सापडतच नाही. दवाखान्यातील १४०/९० या मर्यादेच्या जागी घरच्या सरासरीसाठी १३५/८५ ही मर्यादा सामान्यतः धरली जाते.

इंग्लंडमध्ये ११८२ रुग्णांवर झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डॉक्टरांनी रुग्णांच्या घरच्या नोंदी पाहून औषधांत बदल केले. वर्षअखेरीस या रुग्णांचा वरचा रक्तदाब नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ३.५ मिलिमीटरने कमी होता. येथे परिणाम यंत्राचा नव्हता. नोंदीवरून निर्णय घेतला गेला, त्याचा होता.

रक्तशर्करेच्या बाबतीत हे अधिकच प्रकर्षाने जाणवते. इन्सुलिन घेणाऱ्यास मापन अपरिहार्य आहे, कारण मात्रा त्यावरच ठरते आणि शर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली जाणे धोक्याचे असते. इन्सुलिन न घेणाऱ्या मधुमेहींबाबत मात्र २०१२ च्या कॉक्रेन समीक्षेत स्वयंमापनाचा लाभ सहा महिन्यांपर्यंत अल्प आणि वर्षानंतर जवळजवळ नाहीसा आढळला. रोज सकाळी उपाशीपोटी आकडा टिपून वही मिटणाऱ्यास त्यातून फारसे काही कळत नाही, हे उघड आहे. याउलट जेवणापूर्वी व जेवणानंतर दोन तासांनी केलेली जोडमापने बोलकी असतात. चतुर्थीच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्याने एकदा अशी जोडी मोजावी. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे हे वाक्य शंभरदा ऐकून जे पटत नाही, ते स्वतःच्या बोटातील थेंबाने पटण्याची शक्यता अधिक असते.

मापनाची शिस्त साधी, पण दुर्लक्षित आहे. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू टाळावा. पाच मिनिटे पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीवर असावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधल्यास आकडा खोटा वाढतो. रक्तशर्करेसाठी हात धुणे आवश्यक आहे; नुकतेच फळ कापलेल्या बोटावरील साखरही यंत्र मोजते. शिवाय एकाच आकड्यावरून औषध वाढविणे वा सोडणे अनुचित होय. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन मापने, अशी सात दिवसांची सरासरी डॉक्टरांपुढे ठेवावी.

उत्तेजनाच्या मार्गातील खरा अडथळा यंत्राच्या किमतीचा नाही, जरी ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांचा आवर्ती खर्च अनेक कुटुंबांना जड जातो. अडथळा आहे तो भीतीचा. वाढलेला आकडा दिसताच 'पुन्हा गोड खाल्लं ना?' असा प्रश्न घरात येतो, दवाखान्यातही बोलणी बसतात. मग पथ्य पाळलेल्या दिवशीच मापन होते, किंवा वहीत सोयीचा आकडा लिहिला जातो. याउलट काही जण दिवसातून दहा वेळा पट्टा बांधून चिंतेनेच रक्तदाब वाढवून घेतात. दोघांनाही एकच गोष्ट सांगावी लागते : केव्हा मोजावे आणि कोणत्या आकड्यावर डॉक्टरांना कळवावे. हे उपचार सुरू होतानाच लिहून मिळावे.

महाविद्यालयांतील आरोग्य शिबिरांत एका दिवसात शेकडो जणांचा रक्तदाब मोजला जातो, कागदावर आकडा दिला जातो आणि शिबिर संपते. त्याऐवजी शिक्षक-कक्षात दोन मापांचे पट्टे असलेले एक यंत्र, शेजारी शांत बसण्याची खुर्ची आणि ज्याची त्याने जवळ ठेवावयाची नोंदवही, एवढी व्यवस्था अल्प खर्चात होऊ शकते.